संगणकाचे वय : वहीतले आणि पेढीवरचे

पेढीवरच्या प्रत्येक वस्तूला दोन वये असतात. एक हिशेबनीस ठरवतो आणि दुसरे ती वस्तू स्वतः ठरवते. तिजोरी आणि तराजू यांच्या बाबतीत या दोन वयांत फारसे भांडण नसते. संगणकाच्या बाबतीत मात्र ते विलक्षण असते. म्हणूनच "आमचा संगणक आठ वर्षांचा झाला, अजून चालतो आहे, बदलावा का?" असा प्रश्न कुणी विचारला, की उत्तर देण्यापूर्वी मला विचारावेसे वाटते, कोणते वय म्हणता आपण?

प्रथम वहीतले वय पाहू, कारण आपणा व्यापारी मंडळींना ते अधिक परिचित आहे. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात टेबलावरील संगणकाचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे धरले आहे आणि सर्व्हरचे सहा. रिझर्व्ह बँकेने बँकांना संगणकावर सरळ रेषा पद्धतीने ३३.३३ टक्के घसारा लावण्यास सांगितले, म्हणजे तेथेही तीनच वर्षे. प्राप्तिकरात पूर्वी घटत्या शिलकेवर ६० टक्के घसारा मिळत असे, तो २०१७-१८ पासून ४० टक्के झाला. चाळीस हजारांचा संगणक घेतला, तर पहिल्या वर्षअखेरीस वहीत २४,००० उरतात, दुसऱ्या वर्षी १४,४००, तिसऱ्या वर्षी ८,६४०, चौथ्या वर्षी ५,१८४ आणि पाचव्या वर्षी ३,११० रुपये. (खरेदीच्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला असेल, तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो, हे आपल्या कर सल्लागाराने सांगितले असेलच.) बँकेत असताना ज्या यंत्रांची किंमत ताळेबंदात एक रुपया उरली होती, अशा यंत्रांवर दररोज लाखोंची उलाढाल होताना मी पाहिली आहे. याउलट, वहीत निम्म्या किमतीचे असलेले यंत्र एका वळवाच्या पावसात कायमचे बंद पडलेलेही पाहिले आहे.

आता पेढीवरचे वय. येथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी, ती अशी की संगणक ही एक वस्तू नव्हे. एका पेटीत सात-आठ वस्तू नांदत असतात आणि प्रत्येकीचे आयुष्य वेगळे असते. आपल्या भागातील जुन्या माळवदी वाड्याचेच पाहा ना. दगडी भिंत पिढ्यान् पिढ्या टिके, तुळया त्याहून कमी आणि माळवदावरची माती तर दर पावसाळ्यापूर्वी पाहावी लागे. "वाडा किती वर्षे टिकतो?" या प्रश्नाला तेव्हा कुणी एका आकड्यात उत्तर देत नसे. संगणकातील मुख्य प्रोसेसर ही त्यातली दगडी भिंत. तो स्वतःहून बिघडल्याचे क्वचितच ऐकू येते. बिघडतात ते पंखे, वीज पुरवणारा एसएमपीएस, मदरबोर्डावरील कॅपॅसिटर, हार्ड डिस्क आणि नाण्याएवढी ती छोटी बॅटरी.

या सर्वांत कॅपॅसिटरची कथा सर्वांत उद्बोधक आहे, आणि हिशेबी माणसाला ती आवडावी. हा एक लहानसा डबा असतो. आपले दुरुस्तीवाले त्याला कंडेन्सरही म्हणतात. त्यात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये एका द्रवात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. डब्याच्या बुडाशी रबराचे बूच असते आणि त्या बुचातून तो द्रव वर्षानुवर्षे अत्यंत सावकाश उडून जात असतो. द्रव संपत आला की डब्याची वीज साठवण्याची व ती एकसारखी ठेवण्याची शक्ती घटते, यंत्र मधूनच बंद पडू लागते, आणि एके दिवशी सुरूच होत नाही. द्रव किती वेगाने उडेल, हे उष्णतेवर अवलंबून असते. यासाठी अभियंते एक स्थूल नियम वापरतात. तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते आणि दहा अंशांनी चढले की निम्मे.

एखाद्या कॅपॅसिटरवर १०५ अंशांना २,००० तास असे लिहिलेले असते. हा आकडा ऐकून घाबरू नये. ९५ अंशांना तोच डबा ४,००० तास टिकेल, ८५ ला ८,०००, ७५ ला १६,०००, ६५ ला ३२,००० आणि ५५ ला ६४,०००. आपली पेढी दिवसाला दहा तास व वर्षाला तीनशे दिवस चालते असे धरले, तर वर्षाचे ३,००० तास होतात. म्हणजे डब्याचे तापमान ५५ अंश राहिले तर एकवीस वर्षे, ६५ राहिले तर साडेदहा आणि ७५ झाले तर जेमतेम सव्वापाच. अर्थात हा हिशेब अंदाजाचा आहे, पण त्याची दिशा चुकीची नाही. एप्रिल-मे महिन्यांत धाराशिव जिल्ह्यात बाहेरची हवाच चाळिशी ओलांडते. वर पत्रा तापलेला असतो आणि पेटीच्या आतील हवा बाहेरच्यापेक्षा सहज दहा-पंधरा अंशांनी अधिक गरम असते. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित कार्यालयातील यंत्र आणि सास्तूर, माकणी किंवा लोहाऱ्याच्या दुकानातील यंत्र एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघाले असले तरी त्यांची आयुष्ये सारखी का नसतात, ते या एका नियमातून उलगडते.

कधी कधी दोष जन्मजातही असतो. १९९९ च्या सुमारास आणि त्यानंतरची काही वर्षे बाजारात आलेल्या अनेक कॅपॅसिटरांतील द्रवाचे मिश्रणच सदोष होते. आत वायू साठे, डब्याचे सपाट डोके फुगे, कधी फुटे आणि तपकिरी चिकट पदार्थ बाहेर येई. डेलसारख्या मोठ्या कंपनीला या दुखण्यापायी २००५ साली सुमारे तीस कोटी डॉलरचा भार हिशेबात दाखवावा लागला. अलीकडच्या मदरबोर्डांवर बहुधा द्रवरहित, घन प्रकारचे कॅपॅसिटर असतात आणि ते पुष्कळ अधिक टिकतात. मात्र एसएमपीएसच्या पेटीत अजून द्रवाचेच डबे असतात. म्हणून जुने यंत्र बंद पडले की पहिला संशय एसएमपीएसवर घ्यावा. तो बदलणे हे सर्वांत स्वस्त कामांपैकी एक आहे, आणि "मदरबोर्ड गेला" हे ऐकून घेण्यापूर्वी दुसरा एसएमपीएस लावून पाहण्याचा आग्रह धरणे हा ग्राहकाचा अधिकार आहे.

उष्णता वाढवण्याचे काम धूळ करते. आडत दुकानात तूर आणि सोयाबीनची पोती उघडली जातात, चाळणी लागते, हमाल पोती आपटतात. ती बारीक धूळ यंत्राचा पंखा आपल्याकडे ओढून घेतो आणि प्रोसेसरवरील ॲल्युमिनियमच्या फटींत तिचा नमदा तयार होतो. पंख्याचे वंगण सुकते, तो आधी कुरकुरतो, मग मंदावतो. प्रोसेसर व त्यावरील धातू यांच्यामधील मलमही काही वर्षांत वाळते. १९८३ साली बँका व कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे शाखांमध्ये खतावणीची यंत्रे येऊ लागली. त्या काळी संगणकाच्या खोलीत पादत्राणे काढून प्रवेश करावा लागे. नव्या कर्मचाऱ्यांना तो देव्हाऱ्याचा मान वाटे. कारण साधेच होते, धूळ. पुढे यंत्रे स्वस्त झाली, काउंटरवर आली आणि ती शिस्त मात्र खोलीतच राहिली.

वर्षातून दोनदा, पाडव्यापूर्वी आणि दिवाळीपूर्वी, यंत्र पूर्ण बंद करून, वायर काढून, उघड्यावर नेऊन मऊ कुंचल्याने व ब्लोअरने साफ करावे. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती भलत्याच वेगाने फिरतात आणि त्यातच खराब होतात. पेटी जमिनीवर, गादीच्या आड किंवा भिंतीला चिकटून ठेवू नये. वीतभर उंचीच्या फळीवर ठेवावी आणि मागे हातभर जागा सोडावी. दिवाळीच्या वहीपूजनात हल्ली वहीऐवजी संगणकालाच हळदकुंकू वाहिले जाते. भाव उत्तम आहे. पण ते झरोक्याच्या जाळीवर वाहू नये, आणि हाराने झरोका झाकू नये, एवढे सुचवतो.

विजेविषयी खेड्यातल्या माणसाला अधिक सांगण्याची गरज नाही. ती जाते त्यापेक्षा परत येताना अधिक नुकसान करते, हे सर्वांना ठाऊक आहे. यूपीएस बहुतेक पेढ्यांवर असतो, परंतु त्यातील १२ व्होल्टची शिशाची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, उन्हाळ्यात आणखी लवकर. हिरवा दिवा लागला म्हणजे बॅटरी सशक्त आहे असे नव्हे. महिन्यातून एकदा काम जतन करून भिंतीवरील बटण बंद करावे आणि यंत्र किती मिनिटे तग धरते ते घड्याळ लावून पाहावे.

अर्थिंगविषयी मात्र थोडे थांबून सांगतो, कारण येथे दुर्लक्ष फार आहे. संगणकाच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येतात, अशी तक्रार अनेक जण हसत हसत सांगतात. एसएमपीएसमध्ये विजेतील गोंगाट गाळणारे दोन छोटे कॅपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग शाबूत असेल तर त्यातून येणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत जातो. ते तुटले असेल तर पत्र्यावर पुरवठ्याच्या सुमारे निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, उभा राहतो. प्रवाह फार कमी असल्याने माणसाला सहसा झिणझिण्यांपलीकडे काही होत नाही. पण याचा अर्थ असा, की उद्या आत खरोखर वायर सुटली तर वाचवणारे कुणी नाही, आणि प्रिंटर किंवा मॉनिटरची वायर जोडता-काढताना तो दाब नाजूक भागांतून वाट काढू शकतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या दांड्यापासून सुटते आणि खड्ड्यातील मीठ-कोळसा कोरडा पडतो. फेब्रुवारीपासून त्या खड्ड्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतणे हा संगणकाच्या देखभालीचाच भाग आहे. वळवाच्या दिवसांत विजा चमकू लागल्या की केवळ बटण बंद करून भागत नाही. प्लग उपसून काढावा, आणि इंटरनेटची तांब्याची तारही काढावी, कारण वीज त्या वाटेनेही येते.

काही दुखणी मात्र केवळ भीतीदायक दिसतात. यंत्र सुरू करताच दिनांक कित्येक वर्षे मागे गेलेला दिसतो आणि वस्तू व सेवा कराचे पोर्टल उघडतच नाही. संकेतस्थळाच्या सुरक्षिततेचे प्रमाणपत्र तपासताना यंत्र आपल्या घड्याळावर विसंबते, आणि घड्याळच चुकीचे असल्याने ते प्रमाणपत्र त्याला अग्राह्य वाटते. उपाय मदरबोर्डावरील तीन व्होल्टची नाणेवजा बॅटरी बदलण्याचा. ती काही वर्षांनी संपणारच. यंत्र नुसतेच 'बीप बीप' करत असेल, तर पुष्कळदा मेमरीच्या पट्टीचे टोक काळवंडलेले असते. ते खोडरबराने हलकेच घासून पुन्हा बसवले की काम होते. एवढ्यासाठी हजार-दोन हजार देऊ नयेत.

आता हार्ड डिस्क. आतापर्यंत सांगितलेले सारे भाग पैशाने परत मिळतात. डिस्कही मिळते, तिच्यातील लिखाण मिळत नाही. तिच्यातील तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारी सुई तिच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. केसाची जाडी त्यापुढे डोंगराएवढी. २००७ साली गूगलने आपल्याकडील एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वसाधारण तापमानाचा आणि डिस्क बिघडण्याचा सरळ संबंध त्यात आढळला नाही, हे आश्चर्यच. तपासणीत पहिली चूक दिसल्यानंतर मात्र पुढील साठ दिवसांत ती डिस्क निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या एकोणचाळीस पट असल्याचे दिसले. आणि निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी मुख्य सूचनांपैकी एकही सूचना आधी दिलेली नव्हती. त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले, की कंपन्या आपल्या पत्रकात वर्षाला एक टक्क्याहून कमी बिघाड सांगत असल्या, तरी प्रत्यक्षात दोन ते चार टक्के डिस्का बदलाव्या लागतात. वर्षाला चार टक्के म्हणजे पाच वर्षांत शंभरातील अठरा. ही आकडेवारी मोठ्या, सुस्थितीत ठेवलेल्या यंत्रशाळांची आहे, आडत बाजाराची नव्हे. हल्लीच्या एसएसडीत फिरणारे काही नसते, ती धक्के सहन करते आणि पेढीच्या कामात तिची लेखनमर्यादा सहसा गाठली जात नाही. पण ती जाते तेव्हा बहुधा कुरकुर न करता, एका क्षणात जाते.

तालुक्यातील एका परिचित आडत पेढीचे उदाहरण सांगतो. डिस्क पंधरा दिवस टकटक करत होती. देखभाल करणाऱ्याने "बॅकअप घेतलेला आहे" असे सांगितले होते, आणि ते खोटेही नव्हते. तो बॅकअप त्याच डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात होता. टकटक थांबली तेव्हा दोन्ही कप्पे एकदमच गेले. विक्रीची बिले पोर्टलवरून उतरवून घेता आली, बँकेचे उतारे मिळाले. शेतकऱ्यांना दिलेली उचल मात्र ना पोर्टलवर असते, ना बँकेत. पुष्कळशी रोखीने दिलेली. मालकांनी माणसे गावोगाव पाठवली. बहुतेक शेतकऱ्यांनी घरातल्या पट्ट्या आणून दाखवल्या, काहींनी तर पट्टी नसतानाही आकडा सांगितला आणि तो बरोबर निघाला. काहींशी तो आकडा जुळला नाही, तो आजतागायत जुळलेला नाही. दोन घरांचे पिढीजात येणे-जाणे त्यात तुटले. हिशेब पुन्हा उभा राहायला तीन महिने लागले.

कायद्याचेही पाहा. वस्तू व सेवा कर कायद्याच्या ३६ व्या कलमानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२३-२४ चे वार्षिक विवरण ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भरायचे होते, म्हणजे ते हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हवेत. एप्रिल २०२३ मध्ये केलेली पहिली नोंद पावणेआठ वर्षे टिकली पाहिजे, आणि ज्या यंत्रात ती केली त्याचे वहीतले वय तीन वर्षे! नोंदीचे आयुष्य यंत्राच्या आयुष्याशी बांधताच येत नाही. नोंद यंत्राबाहेर काढावीच लागते, आणि एका ठिकाणी नव्हे.

हे सास्तूरच्या माणसाला पटवून द्यावे लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी काय झाले, ते येथे सांगणे नको. दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरचे माळवद खाली आले, तेव्हा देवळीतली वही आणि पेटीतली वही एकाच ढिगाऱ्याखाली गेली. एकाच छपराखालच्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. आम्ही बँकेत दिवसाचा बॅकअप जवळच्या दुसऱ्या शाखेत ठेवत असू, पावती घेऊन. पेढीने रोजची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आठवड्याची एक प्रत दुसऱ्या गावी असलेल्या मुलाकडे वा लेकी-जावयाकडे जावी, आणि जमल्यास एक इंटरनेटवरील साठ्यात असावी. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडूनही पाहावी. न उघडलेला बॅकअप हा न वठलेल्या धनादेशासारखा असतो, जमा धरता येत नाही.

शेवटी, यंत्र धडधाकट असूनही बाद होते ते वय. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज सातचा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज दहाचा १४ ऑक्टोबर २०२५ ला. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा ज्या पेढ्यांवर कधी संगणक नव्हता तेथेही तो आला. त्या वेळी घेतलेल्या बहुतेक यंत्रांत इंटेलचा सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीचा प्रोसेसर आहे, आणि विंडोज अकराला, काही मोजके अपवाद सोडता, किमान आठवी पिढी लागते. ती टेबलावरील संगणकांसाठी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आली. तीन-चार महिन्यांच्या फरकाने ही सारी यंत्रे मागे राहिली. माझे मत असे, की अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार आणि पोर्टलचे काम करू नये. त्यात एसएसडी घालून, इंटरनेट तोडून, बिले छापण्यास किंवा मालाच्या नोंदीस ठेवावे. पंखा, बॅटरी, एसएमपीएस बिघडल्यास बदलावे. मदरबोर्ड गेला तर मात्र खर्च करू नये, कारण सात-आठ वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरला बसणारा नवा बोर्ड सहज मिळत नाही आणि जुना मिळतो तो दुसऱ्याच्या यंत्रातून काढलेला असतो.

निरुपयोगी झालेले यंत्र भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकू नये. तारा जाळून तांबे काढले जाते आणि तो धूर कुणाच्या तरी वस्तीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, आणि नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच तो जायला हवा. यंत्र देण्यापूर्वी डिस्क काढून घ्यावी, कारण पुसलेली फाइल जाणकाराला पुष्कळदा परत मिळवता येते आणि तिच्यात आपल्याच नव्हे तर आपल्या शेतकऱ्यांच्याही उचलीचे आकडे असतात. काढलेल्या डिस्कवर आर्थिक वर्ष लिहून ती कपाटात ठेवावी, वर्षातून एकदा जोडून वाचून पाहावी आणि मुदत संपल्यावर तबकडीला छिद्रे पाडून मगच द्यावी.